अधिक श्रावणातले चार गुरुवार

अनारशांसाठी तांदूळ भिजत घातल्याचे सौ. सुधाने आज सकाळी स्वयंपाकघरातून सांगितले आणि माझा जप मध्येच तुटला. बोटांत माळ होती, ओठांवर नाम होते. मन मात्र उठून मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभे राहिले होते. पुन्हा आरंभ केला. पुन्हा तेच झाले. तिसऱ्या वेळी माळ गोमुखीत ठेवली आणि गॅलरीत आलो. खाली रहाटणीच्या रस्त्यावर ज्येष्ठातले ऊन सकाळी आठ वाजताच पांढरे झाले होते. कोपऱ्यावर बस थांबली, चार माणसे चढली, बस गेली. मी आत आलो, पुन्हा बाहेर गेलो. यंदा ज्येष्ठ अधिक आला आहे. मागला अधिक श्रावणात आला होता, आणि तो अजून माझ्यावरून सरकलेला नाही.

अधिक मास हा मोठा विलक्षण महिना. सूर्य ज्याच्यात एकही राशी ओलांडत नाही, म्हणून ज्याला स्वतःचे संक्रमण नाही, असा हा अनाथ महिना. पुढे साक्षात पुरुषोत्तमाने त्याला आपले नाव दिले, अशी श्रद्धा आहे. लग्नमुंजी त्यात होत नाहीत. दाने होतात, पोथ्या वाचल्या जातात, आणि जावयाला नारायणाच्या ठिकाणी मानून धोंड्याचे जेवण घातले जाते. मी चाळीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवले, त्याआधी पाठशाळेत राहून वेदपठण शिकलो. थांबणे मला येते. विद्यार्थ्याची जीभ वळेपर्यंत थांबावे, आंबा पिकेपर्यंत थांबावे, माणसाचा राग उतरेपर्यंत थांबावे. धीर हा माझा गुण आहे असे सगळे सांगत आले आणि मीही ते खरे मानत आलो. त्या अधिक श्रावणानंतर मात्र कोणी हा शब्द माझ्यापुढे उच्चारला की मला जागेवर बसवत नाही.

आमचे जावई बालाजीराव मूळचे लातूरकडचे. चाकणला गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या कारखान्यात ते प्रेसवर साचे बसवतात. त्या साच्याला तिकडे डाय म्हणतात. आमची मैत्रेयी शेजारच्या कंपनीत तपासणी विभागात आहे. एकाच बसने जाता-येता दोघांची ओळख झाली आणि एके दिवशी तिने शांतपणे घरात सांगितले की, ठरले आहे. लग्नाआधी मी बालाजीरावांना एकच प्रश्न विचारला होता, "तुम्हांला कशाचा नाद आहे?" माझा रोख व्यसनाकडे होता. ते जरा लाजून म्हणाले, "सुरांचा हाय, मामा." गावाकडे लग्नाच्या वरातीत बँडबरोबर ते पेटी वाजवत असत. पुढे त्यांनी जुना, कोणीतरी वापरलेला एक सिंथेसायझर घेतला. काळ्यापांढऱ्या पट्ट्या, वर गोल खुंट्यांची रांग, आणि पाठीमागे इतकी भोके की सुधा म्हणाली, "ह्याला एवढे कान कशाला दिलेत?"

त्या वर्षीच्या अधिकात त्यांनी विचारले, "मामा, दर गुरवारी तुमच्या मागच्या खोलीत बसू का? आमच्या खोलीखालून ट्रक जायलेत सारखे. रेकॉर्डिंग करायचंय." चाकणच्या कारखान्यांना त्यांच्या बाजूला गुरुवारची सुट्टी असते. महिन्यात चार गुरुवार पडत होते. मी आनंदाने होकार दिला आणि सहज म्हणालो, "करा सावकाश. काय घाई आहे?"

"घाई हाय, मामा," ते म्हणाले.

मला ते तरुणपणाचे वाक्य वाटले.

पहिल्या गुरुवारी बाहेर श्रावणसर येऊन जात होती आणि आत नुसत्या तारा पसरल्या होत्या. लॅपटॉपला जागा नव्हती म्हणून मी पोथी ठेवण्याचा चौरंग पुढे केला. मैत्रेयी ओरडली, "बाबा, चौरंगावर? ह्यांचा डबा?" मी म्हणालो, "नादासाठीच मांडला आहे. बसू दे." बालाजीराव जमिनीवर पालथे पडून कपाटामागचा प्लग शोधत होते. सुधा चहा घेऊन दारात उभी राहिली. "धोंड्याच्या महिन्यात जावयाच्या रूपात देव पाहायचा म्हणतात. आमचा देव बघा, पाय तेवढे दिसतायत."

"मामी, पायच पुजायचे असत्येत," कपाटामागून उत्तर आले.

सिंथेसायझरला स्वतःचा स्पीकर नव्हता; त्याच्यापासून संगणकापर्यंत एक तार गेली. बालाजीरावांनी पट्टी दाबली. पडद्यावर एक लहानशी हिरवी रेघ उमटली; सूर मात्र कुठेच नाही. पुन्हा दाबली, पुन्हा रेघ. मी बुचकळ्यात पडलो. ते म्हणाले, "ह्या वायरीतून आवाज जातच नाई मामा. कोणती पट्टी दाबली, किती जोरानं दाबली, कवा सोडली, तेवढंच सांगती ती. गाणं नाई, नुसता निरोप. ह्याला मिडी म्हणतेत."

"म्हणजे तार मुकी आहे?"

"मुकी हाय, पण चुगलखोर हाय. एक बोट चुकलं तरी जाऊन सांगती."

आवाज नेणारी तार निराळी, ती त्यांच्यापाशी नव्हती, आणि पिंपरीहून आणायची होती. तो गुरुवार तसाच मुका गेला. मी मात्र त्या हिरव्या रेघांपाशी रमलो होतो. वाणी उमटण्यापूर्वी तिचे टप्पे असतात, असे आम्हांला शिकवले होते: नाभीपाशी नुसता संकल्प, हृदयात आकार, कंठात शब्द, आणि शेवटी मुखावाटे ध्वनी. मी ते पाठ केले होते आणि वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले होते. डोळ्यांनी कधी पाहिले नव्हते. इथे चौरंगावर, संकल्प आणि ध्वनी यांच्या मधला तो टप्पा, आकार आहे पण नाद नाही असा, रेघेच्या रूपाने स्वस्थ पडून होता. बालाजीरावांना मी हे सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे आवाज नसला तरी गाणं असतंय म्हणा की." त्या वेळी मी कौतुकाने मान डोलावली.

दुसऱ्या गुरुवारी आवाजाची तार आली. एक लहानशी पेटीही आली, जिच्यातून तो आवाज संगणकात शिरायचा. आता सूर निघाला, आणि जास्तच निघाला. एक पट्टी दाबावी तर दोन स्वर यावेत. शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी गुरुजींच्या पाठोपाठ अर्ध्या मात्रेने म्हणतो, तसे. बालाजीरावांनी समजावले, की हा एकदा आपल्याच पट्टीने वाजतो, आणि निरोप संगणकाला जाऊन परत आला की पुन्हा वाजतो. त्यांनी वाद्याच्या आत शिरून कसलीशी एक सोय बंद केली. "आता जवळची वाट बंद. पट्टी दाबली की निरोप आधी तिकडं जाणार, तिकडून आला की मगच ह्यो बोलणार."

दोन स्वरांचा एक झाला. तरी माझ्या कानाला काहीतरी खुपत राहिले. मी म्हणालो, "जावईबापू, तुमचा स्वर बोटाच्या मागून येतो आहे."

"तुमाला कळायलंय ते?" ते चकित झाले. "लई थोडा उशीर हाय हो. पापणी लवायच्या आत."

ह्रस्व, दीर्घ आणि प्लुत यांत ज्याचे आयुष्य गेले, त्याला पापणीहून लहान विलंबही कळतो. त्यांनी सॉफ्टवेअरमधला एक आकडा कमी केला. "आता?" अजून. "आता?" मी बस म्हणून हात केला. त्यांनी माझ्या पायांना हात लावला. "मामा, असला कान पाच पाचशे कोसात नाई. तुमी माझ्या संगं बसत जावा."

मी सुखावलो होतो हे कबूल करतो. त्या सुखातच मी पुढचे बोललो. "आणखी एक आहे. काही वाजत नसतानाही एक बारीक आवाज येतो आहे. केसासारखा. वर कुठेतरी."

सुधाही दारातून म्हणाली, "हो, मघापासून मलाही वाटतंय. डास आहे का?"

बालाजीरावांनी मान किंचित उजवीकडे वळवली. कपाळाला आठी पडली. "कुठं?"

"हा काय. चालूच आहे."

ते आणखी पुढे झुकले. त्याच क्षणी मैत्रेयी आपला फोन लावण्यासाठी आत आली, तिने लॅपटॉपच्या चार्जरचा प्लग काढला, आणि तो केसासारखा आवाज तुटला. खोली अगदी स्वच्छ, निःशब्द झाली. त्या निःशब्दतेत बालाजीराव हसले आणि मान हलवत म्हणाले, "हां, आता आला बगा ऐकू. बारीक हाय, पण हाय."

मी सुधाकडे पाहिले. सुधाने माझ्याकडे पाहिले. तिने चहाचे कप उचलले आणि ती आत गेली.

अस्वस्थता काय असते हे मला त्या दिवसापर्यंत शब्दार्थापुरतेच ठाऊक होते. सत्तरीच्या म्हाताऱ्याला जे ऐकू येते ते चौतिशीच्या माणसाला येत नाही. आणि तो ते लपवतो आहे. जेवताना सुधा हळूच म्हणाली, "सांगायला हवं." मी म्हणालो, "पुढच्या गुरुवारी धोंड्याचं जेवण आहे. तेवढं पार पडू दे. नारायण म्हणून ज्याला पाटावर बसवायचं, त्याला त्याच महिन्यात उणं दाखवायचं?" आमच्या घरात जावयाला उणे बोलण्याची रीत नाही, अधिकात तर नाहीच. रीत होती, तिच्याआड मी उभा राहिलो.

पण स्वस्थ उभा राहू शकलो नाही. पूजेला बसलो की घंटेचा नाद शेवटपर्यंत ऐकत बसे: हा शेवटचा, सर्वांत बारीक तंतू त्यांना ऐकू येत असेल का? गॅलरीत चिमण्या बोलत. यांतल्या किती उरल्या असतील? एके दुपारी मी दोन्ही कानांत कापूस घालून काळेवाडीच्या भाजीबाजारात गेलो. माणसे ओठ हलवत होती आणि सगळ्यांची व्यंजने गळून पडली होती, नुसते स्वर उरले होते. भाजीवालीने काही विचारले. मी मान हलवली, हसलो, "हो हो" म्हणालो. तिने पिशवीत नको असलेली मेथी भरली. ती मेथी घेऊन मी रस्त्यात उभा राहिलो आणि लक्षात आले की, मी हसलो ते अगदी बालाजीरावांसारखा हसलो होतो.

दुसऱ्याच दिवशी मला राहवले नाही. सुधाला काही न सांगता बस बदलत बदलत मी चाकणला गेलो. त्यांच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर चहाची टपरी होती, तिथे बाकावर बसलो. पहिली पाळी सुटायला अर्धा तास होता. आत, भिंतीपलीकडे, प्रेस पडत होती. आवाज कानाला नंतर येई, आधी बाकाला आणि पायांना. धप्. आणि मग पुन्हा धप्. आमच्या पाठशाळेत नियम होता: मेघ गर्जला, कोल्हे ओरडले, जवळ वाद्यांचा गलबला झाला, की अनध्याय, त्या दिवशी पाठ बंद. कानाला आणि मनाला विसावा मिळावा, म्हणून ऋषींनी केवढी काळजी घेतली होती! या भिंतीमागे आठ तासांत अनध्याय नव्हता.

पाळी सुटली. बालाजीराव बाहेर आले. गळ्यात दोरी होती आणि दोरीला कानात घालायची दोन केशरी बोंडे लोंबत होती. ती कोरी, न मळलेली होती. मला पाहून ते धावत आले. "मामा! तुमी इथं? मामी बऱ्या हाईत ना?"

मी त्यांना सर्व काही सांगायला आलो होतो. वाक्य तयार होते, बसमध्ये दहादा म्हणून पाहिले होते. समोर त्यांचे चारपाच सोबती कुतूहलाने थांबले होते. मी म्हणालो, "जेवणाचं आमंत्रण द्यायला आलो. धोंड्याचं. रीतीप्रमाणे स्वतः यावं म्हटलं."

सोबत्यांत हशा पिकला. एकजण म्हणाला, "बालाजी भावा, नशीब राव तुझं! सासरा गेटवर आमंत्रण घेऊन! आमच्या सासऱ्यानं नुसता मिस कॉल दिलाय." दुसरा म्हणाला, "तुझ्या सासऱ्याला माहीत हाय, तू किती खातो ते." बालाजीरावांचा चेहरा इतका उजळला होता की तो पाहवेना. ते मला वाकून नमस्कार करत होते आणि मी आशीर्वाद देत होतो. मी असत्य बोललो होतो, आणि असत्यासाठी देवाधर्माची रीतच वापरली होती.

तरी जाता जाता मी दोरीकडे बोट करून विचारले, "हे कानात घालत नाही?"

"घालून काम हुत नाई मामा. डाय नीट बसलीय का नाई, ते प्रेसच्या आवाजावरनंच कळतंय. बोंडं घातली की डाय मुकी हुती. डाय बसवणारे सगळे सेटर काढूनच ठेवत्येत."

त्यांचा कान हेच त्यांचे कौशल्य होते, आणि ते कौशल्य रोज कान उघडा ठेवून कान खात होते.

धोंड्याचे जेवण झाले. पुरणाचे धोंडे झाले, चांदीच्या दिव्याने औक्षण झाले, जाळीदार तेहतीस अनारसे झाले. सुधा त्यांच्या डावीकडून वाढत होती. "आणखी तूप?" ते समोर पाहत राहिले. पुन्हा विचारले; पुन्हा नाही. मैत्रेयी त्रासिक हसली. "आई, पुढून विचार. हे असेच. लक्ष कुठं असतं देव जाणे. मी अर्धा तास बोलते आणि हे म्हणतात, 'काय म्हणालीस?' कधीकधी वाटतं, माझं बोलणंच नकोय ह्यांना." बालाजीराव हसले. तेच हसू. मैत्रेयी नवऱ्याला बेपर्वा समजत होती, ते बेपर्वा ठरण्यात समाधान मानत होते, आणि मला दोघांचेही ठाऊक असून मी पाटावर बसून होतो. त्या दिवशी दुपारी तरी बोलायचे ठरवले. पण मैत्रेयी नव्या साडीत होती, सुधाचे डोळे थकले होते, आणि मी स्वतःला म्हणालो, महिना संपता संपता पाहू.

चौथ्या गुरुवारी मी मागच्या खोलीचे दार लावून घेतले. ते वाजवायला बसणार तोच म्हणालो, "बालाजीराव, जरा थांबा. दुसऱ्या गुरुवारी तुम्ही म्हणालात, बारीक आवाज ऐकू आला. तेव्हा तो बंद झालेला होता."

त्यांनी पट्ट्यांवरचे हात मांडीवर घेतले. मग उठले, सिंथेसायझरच्या खोक्यातला स्पंज उचलला आणि त्याच्याखालून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. कारखान्यात सर्वांचे कान तपासतात, त्याचा तो कागद होता. दोन रेषा डावीकडून नीट येत होत्या आणि एका ठिकाणी दरीत पडावे तशा खाली पडल्या होत्या. डाव्या कानाची अधिक खोल.

"मागच्या दिवाळीपासनं ठावं हाय मला."

"मैत्रेयीला?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "कसं सांगू मामा? तुमच्या घरात समदे कानाचेच लोक. तुमी म्हणला असता, पोरगी दिली ती असल्याला. आन् कंपनीत हे कागद फायलीत पडत्येत, कुणी बगत नाई; तोंडानं सांगितलं तर डायवरनं काढतेल. डाय सोडून मला येतंय तरी काय?" मग पडद्याकडे बोट केले. "म्हणून तर हे समदं जोडायलो. डोक्यात लई चाली हाईत, प्रेसपाशी सुचलेल्या. कान हाय तवर काढून ठेवाव्या म्हटलं. आन् इथं बगा, जे ऐकू येत नाई ते दिसतंय तरी. वरचे सूर मी रेघा बघून लावायलोय. खरे लागलेत का नाई, ते मला म्हाईत नाई."

ती घाई मला आता समजली. दोन आठवडे मी त्यांचा मान राखत गप्प होतो, आणि तेही याच भीतीने माझा मान राखत गप्प होते.

मी म्हणालो, "वाजवा. मी ऐकतो."

तो बारीक आवाज अजून होताच. बालाजीराव म्हणाले, "जुनी पाच काट्यांची वायर लावून बघू. तिच्यात दोन्ही बाजूंची वीज एकमेकीला शिवत नाई. मधी उजेडाचं दार असतंय. निरोप उजेड होऊन पल्याड जातोय." उजेड होऊन जाणारा निरोप! एरवी मी तासभर त्यावर बोललो असतो. त्या दिवशी फक्त म्हणालो, "लावा." ते एकेक तार काढत, दुसरी लावत; मी हात वर धरून बसलो होतो. आवाज असेपर्यंत हात वर, गेला की खाली. त्यांनी शेवटची तार बसवली, आवाज नाहीसा झाला, मी हात खाली घेतला. तेव्हा दिसले की, त्यांची नजर तारांवर नव्हतीच. ती पूर्ण वेळ माझ्या हातावर होती. ते माझ्या हाताने ऐकत होते.

"आता मैत्रेयीला बोलवा," मी म्हणालो.

"तुमी सांगता का?"

"नाही. मी शेजारी बसतो."

त्यांनी तिला सांगितले. ती आधी कागदाकडे, मग त्यांच्याकडे पाहत राहिली, आणि मग तिने त्यांचा डावा कान आपल्या तळहाताने असा झाकला, जणू आत्ता कुठे मोठा आवाज होणार आहे. रागावली ती नंतर, आणि माझ्यावर. "तुम्हांला कधी कळलं, बाबा?" मी सांगितले. "पंधरा दिवस? तुम्ही पंधरा दिवस ह्यांना तिथं जाऊ दिलंत? कशासाठी? अनारशांसाठी?"

पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांनी कागद पाहून सांगितले, की गेले ते परत येत नाही. राहिले आहे ते जपायचे, आणि उघड्या कानाने त्या आवाजात काढलेला प्रत्येक दिवस मोजला जातो. बालाजीरावांना वाटले होते तसे काही झाले नाही. त्या चौथ्या गुरुवारापासून ते बोंडे घालूनच प्रेसपाशी उभे राहिले, आणि दिवाळीच्या सुमारास त्यांना नव्या मुलांना साचे बसवायला शिकवण्याच्या विभागात नेले, प्रेसपासून दूर. कानांत आता लहानशी यंत्रे आहेत. डोक्यातल्या चालींपैकी अकरा काढून झाल्या. वरचे सूर लावायचे असले की ते दोघे येतात आणि मी हात वर धरून बसतो. लोक म्हणतात, सगळे छान झाले. झालेही असेल. मी मात्र मोजतो. पंधरा दिवसांतून तीन गुरुवार वजा. बारा पाळ्या. एकेका पाळीत किती धप्? त्या बारा पाळ्यांत कोणता सूर गेला? एखाद्या पक्ष्याचा? मैत्रेयीच्या एखाद्या अक्षराचा? डॉक्टरांना विचारले तर ते म्हणाले, असे वेगळे सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणूनच ते संपत नाही. देवापाशी मी अनेकदा क्षमा मागितली आहे. देवापाशी क्षमा मागणे सोपे असते, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

इथवर लिहिले तोच दाराची घंटा वाजली. आज गुरुवार. दोघे आले. पुढचे आता संध्याकाळी लिहितो आहे.

मैत्रेयी स्वयंपाकघरात सुधापाशी गेली. बालाजीराव मागच्या खोलीत तारा जोडू लागले. उकाडा होता, पंखा फिरत होता. घामाने खाज सुटते म्हणून त्यांनी कानांतली यंत्रे काढून चौरंगावर ठेवली होती. मी त्यांच्या शेजारी बसलो. तीन वर्षे जे जिभेवर आले नव्हते, ते अगदी हलक्या आवाजात, जवळजवळ स्वतःशीच, एका दमात बोलून टाकले: मला कळले होते, मी गप्प राहिलो, माझे चुकले, मला क्षमा करा.

त्यांनी हातातली तार खाली ठेवली आणि उजवा कान माझ्याकडे वळवला.

"काय म्हणालात, मामा?"

दार उघडे होते. स्वयंपाकघरात मायलेकी बोलत होत्या. मी घसा साफ केला आणि तीच चारही वाक्ये, शब्दाशब्दाला थांबत, सगळ्या घराला ऐकू जातील इतक्या मोठ्याने पुन्हा म्हटली.